प्रवासातल्या फोटोवरून भरतकामाची नक्षी : नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

कास, ठोसेघर, सज्जनगड अशी एक फेरी झाली की मोबाइलमध्ये शेदोनशे फोटो सहज साठतात, आणि हाती सुई धरणाऱ्या माणसाला त्यातला एखादा फोटो रिंगमध्ये उतरवावा असे हमखास वाटते. टाके येत असतात, दोरेही घरात असतात, तरी काम पुढे सरकत नाही. मी साताऱ्यात राहते आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहते : अडचण टाक्यांची क्वचितच असते; फोटो आणि पहिला टाका यांच्या मधले जे काम आहे, ते कोणी शिकवलेलेच नसते. हा लेख त्या मधल्या कामाविषयी आहे. टाके कसे घालायचे हे इथे सांगितलेले नाही. धावदोरा, उलटी टीप, दांडी टाका, साखळी, सॅटिन, लेझी डेझी आणि फ्रेंच नॉट एवढे येत असले तरी पुरे.

फोटो सुंदर असणे आणि तो नक्षीला उपयोगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सुरुवातीलाच मान्य केले तर निम्मा गोंधळ टळतो. कॅमेरा समोरचे सगळे टिपतो, तर सुईला प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा टाका घालावा लागतो. म्हणून नक्षी करणे म्हणजे मुख्यतः काय गाळायचे हे ठरवणे. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

लागणारे साहित्य

- कापड : केसमेंट, जाड पॉपलीन, खादी किंवा मांजरपाट. घरे मोजून भरायचे असेल तर मॅटी, म्हणजे सारखी चौकोनी घरे दिसणारे कापड.
- दोरा : सहा पदरी सुती लड्या. एका लडीत साधारण 8 मीटर दोरा असतो.
- सुया : भरतकामाच्या 7 ते 9 नंबरच्या. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. मॅटीसाठी बोथट टोकाची 24 नंबरची.
- लाकडी रिंग, 6 ते 8 इंची. प्लॅस्टिकची रिंग कापड घट्ट धरत नाही.
- ट्रेसिंग पेपर किंवा बटर पेपर, मऊ पेन्सिल, बारीक टोकाचे काळे पेन, पट्टी.
- कापडावर छापण्याचा कार्बन : गडद कापडासाठी पिवळा किंवा पांढरा, फिक्या कापडासाठी निळा.
- निवडलेल्या फोटोच्या दोन छापील प्रती, एक रंगीत आणि एक काळीपांढरी.
- एक वही. तिचे काम पाचव्या पायरीपासून सुरू होते.

साताऱ्यात खणआळी आणि मोती चौकाच्या आसपास हे सगळे एका फेरीत मिळते. सांगलीकरांना कापड पेठ आणि हरभट रोड पुरेसा आहे.

1. फोटो काढतानाच नक्षीचा विचार करा

जुने फोटो असतील तर ही पायरी सोडून पुढे जा. मात्र पुढच्या सहलीला निघणार असाल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट प्रकाशाची. भर दुपारी काढलेल्या फोटोत सावल्या नसतात, त्यामुळे दगडी बांधकामाच्या कडा दिसत नाहीत, आणि कड दिसली नाही तर रेष काढायची कुठे हा प्रश्न उरतो. सकाळी किंवा उन्हे कलल्यावर, प्रकाश बाजूने येत असताना, मेणवलीच्या घाटाची प्रत्येक पायरी वेगळी दिसते; तोच घाट दुपारी बाराला एक सपाट राखाडी उतार वाटतो. फुलांचे मात्र उलट आहे. ढगाळ हवेत फुलांचे रंग खरे येतात, कडक उन्हात पाकळ्या पांढऱ्या पडतात.

दुसरी गोष्ट उभ्या रेषांची. देवळाचे शिखर किंवा दीपमाळ जवळून, मोबाइल वर करून टिपली की ती वरच्या बाजूला निमुळती होत मागे कललेली दिसते. फोटोत डोळा हे सांभाळून घेतो, पण कापडावर ती दीपमाळ पडायला आलेली वाटते. शक्य तितके मागे जाऊन, मोबाइल सरळ धरून फोटो काढा.

तिसरी गोष्ट म्हणजे एका ठिकाणचे दोन प्रकारचे फोटो ठेवा : एक सगळे दृश्य येईल असा लांबून, आणि एकदोन अगदी जवळून. नक्षी लांबच्या फोटोवरून होते, पण पाकळ्या किती, कमानीचा दगड कसा बसवलेला आहे, हे जवळच्या फोटोवरूनच कळते. कासला जवळचे फोटो घेताना ठरलेली वाट सोडून फुलांत उतरू नका. 2012 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या पश्चिम घाटाचा तो भाग आहे, आणि जांभ्यावरचा मातीचा थर इतका पातळ आहे की एकदा तुडवलेली जागा लवकर सावरत नाही.

फोटो मैत्रिणीकडून मागवत असाल तर व्हॉट्सॲपवर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होऊन येतो आणि मोठा छापला की कडा फुटतात.

2. फोटो निवडा, आणि तो कोणाचा आहे ते पाहा

निवडीसाठी माझी कसोटी साधी आहे : फोटो अंगठ्याच्या नखाएवढा लहान करून पाहा. एवढ्यातही काय आहे ते ओळखू येत असेल तर त्याची नक्षी होईल. ओळखू येत नसेल तर त्याचे सौंदर्य बारकाव्यात किंवा प्रकाशात आहे, आणि ते दोन्ही दोऱ्याला अवघड जाते. धुक्यातला महाबळेश्वर याच कारणासाठी पहिल्या कामाला घेऊ नये. धुके म्हणजे रंगाची अतिशय हळू होत जाणारी उतरंड, आणि ती उतरंड साधायला लांब-आखूड टाक्यावर पक्का हात लागतो. ठोसेघरचा धबधबाही दिसतो तितका सोपा नाही, कारण पांढऱ्या कापडावर पांढरे पाणी भरायचे असते.

पहिल्या कामासाठी मी चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या सुचवते. एक उभी रेष, तीन पाती, खाली पठाराची आडवी कड आणि भरपूर मोकळे आकाश. चार रंगांत काम होते, आणि सरळ रेषा सरळ ठेवण्याचा सरावही होतो. सांगलीच्या बाजूला सागरेश्वरच्या डोंगरावरून दिसणारी कृष्णाकाठची शेते अशीच सोयीची आहेत. उसाचे हिरवे, नांगरलेल्या रानाचे काळे आणि मधल्या वाटांचे तपकिरी तुकडे आयतेच वेगळे झालेले असतात. प्रत्येक तुकड्यात धावदोऱ्याची दिशा बदलली की आपल्याकडच्या वाकळेची आठवण करून देणारी नक्षी तयार होते, आणि माझ्या मते आपल्या भागाच्या शेतांना याहून योग्य टाका नाही.

फोटो स्वतः काढलेला असेल तर पुढे कसलीच काळजी नाही. इंटरनेटवरून घेतलेला असेल तर जपून. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारी व्यक्ती, आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर हा हक्क त्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. नक्षी विकणार असाल, प्रदर्शनात मांडणार असाल किंवा तिचा नमुना इतरांना देणार असाल, तर आधी लेखी परवानगी घ्या. ‘मी त्यात बदल केला आहे’ एवढ्याने प्रश्न मिटत नाही. फोटोत एखाद्या अनोळखी व्यक्तीचा चेहरा ओळखू येत असेल तर तो नक्षीतून गाळलेला बरा. तसाही 6 इंची रिंगमध्ये चेहरा चांगला भरता येत नाही.

3. फोटोचे रेषांत रूपांतर करा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. घाई करायचीच असेल तर इतरत्र करा.

(क) कापणी. छापील फोटोवर जाड कागदाच्या दोन काटकोनी पट्ट्या ठेवून चौकट लहानमोठी करत जा. रिंग गोल आहे, म्हणून कागदाला गोल भोक पाडून तेही फोटोवर फिरवून पाहा. आयताकृती फोटोत छान बसलेली गोष्ट वर्तुळात बऱ्याचदा काठावर जाते. मुख्य वस्तू एकच ठेवा.

(ख) छटा कमी करणे. काळीपांढरी प्रत छापण्याआधी मोबाइलमधल्या फोटो एडिटरने कॉन्ट्रास्ट वाढवा, किंवा छापील प्रतीकडे डोळे किलकिले करून पाहा. दृश्य तीन भागांत विभागलेले दिसेल : गडद, मध्यम, उजळ. ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त या तीन भागांच्या सीमारेषा काढा. वस्तूंच्या कडा काढायचा मोह आवरा. दोन वस्तू एकाच छटेच्या असतील तर त्यांच्यामध्ये रेष नको.

(ग) गाळणे. आता त्या रेषांमधल्या ज्या दोन रेषांमधले अंतर कापडावर 2 मिलिमीटरपेक्षा कमी येणार आहे, त्यांतली एक काढून टाका. एवढ्या जागेत टाका मावत नाही. मावला तरी दोन्ही रेषा एक होऊन जाड डाग दिसतो.

लिंबच्या बारा मोटांच्या विहिरीचे उदाहरण घेते, कारण साताऱ्याजवळचे हे ठिकाण बहुतेकांच्या मोबाइलमध्ये असते आणि बहुतेकजण त्यातच अडकतात. 1719 ते 1724 या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधवून घेतलेली ही विहीर अष्टकोनी असून वरून पाहिल्यास तिचा आकार शिवपिंडीसारखा भासतो. फोटोत काय काय असते? अष्टकोनाच्या बाजू, दगडांचे थर, दोन भागांच्या मधला महाल, कमानी, कोरीव शिल्पे, खाली हिरवे पाणी, कडेने उगवलेली झुडपे, आणि काठावर सेल्फी घेणारे चारजण. नवशिका माणूस दगडांच्या थरांपासून सुरुवात करतो, कारण ते सरळ आणि सोपे वाटतात. दहा थर झाले की कंटाळतो, आणि नक्षी विटांच्या भिंतीसारखी दिसू लागलेली असते.

त्याऐवजी असे करा. चौकट फक्त मधल्या कमानीवर आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीवर आणा. कमानीच्या आतला अंधार हा तुमचा गडद भाग; त्याची बाहेरची रेष स्पष्ट काढा, कारण नक्षी ओळखू येणार ती याच रेषेमुळे. भिंतीवरचे थर सगळे काढू नका. कमानीजवळ दोनतीन थर पूर्ण काढा, पुढे त्यांच्या रेषा तुटक करा आणि कडेला पोचेपर्यंत सोडून द्या. उरलेली भिंत पाहणाऱ्याचा डोळा पुरी करतो. पाणी म्हणजे पाचसहा आडव्या, असमान लांबीच्या रेषा. झुडूप एकच ठेवा, जिथे भिंतीची रेष फार लांब आणि रूक्ष झाली आहे तिथे. सेल्फीवाले गाळा. शिल्पे या आकारात बसणार नाहीत. ती करायचीच असतील तर जवळच्या फोटोवरून स्वतंत्र नक्षी करा.

काढलेल्या रेषा काळ्या पेनने पक्क्या करा, कागद भिंतीला चिकटवा आणि चार पावले मागे जाऊन पाहा. घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी, काही न सांगता, काय दिसते ते विचारा. उत्तर बरोबर येईपर्यंत पुढची पायरी नको.

चित्रकला येत नाही म्हणून इथे थांबू नका. हिमाचलमधल्या प्रसिद्ध चंबा रुमालांची बाह्यरेषा लघुचित्रे काढणारे चित्रकार कोळशाने काढून देत आणि भरणाऱ्या स्त्रिया ती दोऱ्याने भरत. रेखाटणारा हात आणि भरणारा हात वेगळे असण्याची परंपरा जुनी आहे. घरात चित्र काढणारी भाची असेल तर तिची मदत खुशाल घ्या, फक्त काय गाळायचे ते तुम्ही सांगा.

4. आकार ठरवा आणि गणित करा

मुक्त टाक्यांनी भरणार असाल तर 6 इंची रिंग पहिल्यांदा पुरे. कापड रिंगपेक्षा चारही बाजूंनी किमान 3 इंच जास्त घ्या. फोटोकॉपीच्या दुकानात रेखाटन हवे त्या टक्क्यांनी लहानमोठे करून मिळते. 4 इंचांचे 6 इंच करायचे तर 150 टक्के.

फुलीच्या टाक्याने, म्हणजे क्रॉस स्टिचने, मोजून भरणार असाल तर आधी हिशेब करा. इंचाला 14 घरे असलेल्या कापडावर 8 इंच बाय 6 इंचांची नक्षी म्हणजे 112 बाय 84 घरे, म्हणजेच 9,408 फुल्या. एका बैठकीत दीडशे फुल्या धरल्या तरी साठाहून अधिक बैठका होतात. फोटोचा आपोआप तक्ता करून देणारी ॲप्स असतात आणि ती वाईट नाहीत, पण ती तीसचाळीस रंग सुचवतात आणि एकेका रंगाच्या सुट्या फुल्या सगळीकडे पसरतात. रंगांची मर्यादा स्वतः आठवर आणा आणि एकट्या पडलेल्या फुल्या शेजारच्या रंगात मिसळून टाका.

देऊळ, गोपुर, पालखी, तुळशी वृंदावन असे विषय असतील तर आपल्या शेजारच्या कर्नाटकातल्या कसुती या भरतकामाकडे जरूर पाहा. इरकली साडीवर धागे मोजून घातलेल्या या कशिद्यात गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी असे चार टाके आहेत आणि एवढ्या चार टाक्यांत पूर्ण गोपुर उभे राहते. आजीची इरकल कपाटात असेल तर ती उघडून, भिंग घेऊन बघा : वक्र रेष एकही नाही, फक्त उभ्या, आडव्या आणि तिरप्या. चौकटीच्या वहीत वाईच्या घाटावरच्या देवळाचे शिखर अशा तीनच प्रकारच्या रेषांत काढण्याचा प्रयत्न करा. दोनतीन पाने खराब होतील, पण पुढे कुठल्याही फोटोकडे पाहताना हा सराव कामी येतो.

5. रंग फोटोवरून नव्हे, दोऱ्यांवरून ठरवा

मोबाइलचा पडदा रंग खुलवून दाखवतो, आणि छापील प्रत ते मंद करते. यांपैकी कशाशीही दोरा तंतोतंत जुळवण्याचा हट्ट व्यर्थ आहे. आधी तिसऱ्या पायरीतल्या गडद, मध्यम आणि उजळ या भागांसाठी एकेक दोरा निवडा. हे तिन्ही शेजारी ठेवून त्यांचा काळापांढरा फोटो काढा. त्यात तीन वेगळ्या छटा दिसल्या तर निवड बरोबर आहे. दोन सारख्या दिसल्या, तर ते रंग कितीही वेगळे असले तरी कापडावर एकमेकांत बुडतील. कासच्या नक्षीत तेरड्याचा गुलाबी आणि गवताचा मध्यम हिरवा नेमका असा फसवतो.

दुकानात लड्या घेताना ट्यूबलाइटखाली ठरवू नका, दारापाशी उजेडात नेऊन पाहा. काळ्या दगडासाठी काळा दोरा घेऊ नका. कापडावर तो भोकासारखा दिसतो. निळसर करडा, तपकिरी करडा आणि सगळ्यांत खोल जागेपुरता कोळशी रंग एवढ्यावर आपल्या भागातले कुठलेही दगडी काम भरून होते. पार्श्वभूमीच्या रंगाच्या लड्या एकदम घ्या, कारण एकाच नंबरच्या पण वेगळ्या वेळी रंगवलेल्या लड्यांत सूक्ष्म फरक असू शकतो आणि मोठ्या भागात तो पट्टा होऊन उठतो.

प्रत्येक दोऱ्याचा नंबर वहीत लिहा आणि शेजारी दोन इंचांचा तुकडा चिकटवा. लडीवरची कागदी पट्टी काम सुरू झाल्यावर हरवतेच.

लाल, मरून आणि गडद निळ्या दोऱ्यांचा रंग जातो का ते आत्ताच तपासा : तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात दाबून ठेवा, वाळल्यावर डाग दिसला तर तो दोरा बदला.

6. टाका निवडताना दिशा आणि जाडी पाहा

रंगापेक्षा दोऱ्याचे मोठे सामर्थ्य म्हणजे त्याला दिशा आहे. त्याच हिरव्या दोऱ्याने उभे आणि आडवे सॅटिन टाके शेजारी शेजारी घातले तर प्रकाश वेगवेगळा परततो आणि दोन हिरवे दिसतात. म्हणून रेखाटनाच्या प्रत्येक भागात पेन्सिलीने एक बाण काढा. गवत वर, पाणी आडवे, डोंगराची सोंड उताराच्या दिशेने, कमानीचे दगड तिच्या मध्याकडे. बाण काढताना ज्या भागाची दिशा सुचत नाही, तो भाग बहुतेक मोकळा सोडण्याचा असतो. आकाश तर भरूच नका; कापडाचा रंग आकाशाला साजेसा निवडला की ते काम आपोआप होते.

जाडी म्हणजे किती पदर. सहा पदरी दोऱ्यातून एक, दोन किंवा तीन पदर वेगळे काढून घेता येतात, आणि लांब-जवळचा भास मुख्यतः यातून तयार होतो. कासचे पठार या दृष्टीने उत्तम धडा आहे. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच्या फोटोत मागे फुले वेगळी दिसतच नाहीत, रंगाचे पट्टे दिसतात. मध्ये ठिपके होतात. आणि पायाशी पाकळ्या. तेच क्रमाने करा. मागच्या पट्ट्यासाठी एका पदराचे आखूड आडवे टाके, गुलाबी आणि पिवळे. मधल्या भागात सोनकीसाठी दोन पदरांच्या फ्रेंच नॉट, सुईला एकच वेढा देऊन, आणि ‘सीतेची आसवे’ या फुलांसाठी जांभळट निळ्या, एका पदराच्या. पुढे तेरड्याची चारपाचच फुले तीन पदरांच्या लेझी डेझीने. गेंदाची पांढरी बोंडे सगळ्यांत पुढे : तीन पदर, दोन वेढे, आणि खाली एका पदराचा सरळ देठ, जरा कललेला. गाठी ओळीत घालू नका. तीन जवळ, एक दूर, मग मोकळी जागा, असे करा. सारख्या अंतरावरच्या गाठी ठिपक्यांच्या कापडासारख्या दिसतात.

धबधब्यासाठी पाणी भरू नका, बाजूचा खडक भरा. मधे राहिलेले पांढरे कापड म्हणजेच धार. तिच्यात फिक्या करड्या दोऱ्याचे असमान लांबीचे पाचसात उभे टाके पुरतात.

7. तुकड्यावर नमुना करा

ज्या कापडावर काम करणार त्याच कापडाच्या चार इंची तुकड्यावर प्रत्येक प्रकारचा थोडासा भाग भरून पाहा. कापडाला चुण्या पडतात का, सुईचे भोक राहते का, पदर जास्त होतात का, हे इथे कळते. कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेतलेले असले पाहिजे, कारण मांजरपाट आणि खादी पहिल्या धुण्यात आटतात आणि टाके मात्र आटत नाहीत. मग भरलेला भाग फुगून उभा राहतो.

8. नक्षी कापडावर उतरवा

कापडाचे उभे धागे आणि नक्षीची उभी रेष समांतर ठेवा. तिरपे छापले तर रिंगमध्ये ताणल्यावर पवनचक्की वाकते.

फिके कापड असेल तर रेखाटन खिडकीच्या काचेला चिकटवून त्यावर कापड ठेवा आणि सरळ गिरवा. गडद कापडासाठी कार्बन वापरा, पण कार्यालयात वापरतात तो कार्बन नको. त्याचा तेलकट डाग धुऊनही जात नाही. जुनी पद्धतही अजून उत्तम आहे : बटर पेपरवर नक्षी काढून ती रेषेवरून सुईने बारीक टोचायची, आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ किंवा पांढरी पूड कापडाच्या बोळ्याने वरून फिरवायची. साडीवर नक्षी छापून देणारे दुकानदार हे करून देतात. एकच नक्षी अनेक वेळा लागणार असेल तर हाच मार्ग घ्या, टोचलेला कागद पुन्हा पुन्हा वापरता येतो.

पाण्याने जाणाऱ्या शाईचे पेन वापरत असाल तर एक नियम काटेकोर पाळा : शाई पूर्ण धुऊन जाईपर्यंत इस्त्री लावू नका. उष्णतेने ती कायमची बसते. उष्णतेने नाहीशी होणाऱ्या शाईचे पेन याच्या उलट असते, आणि गडद कापडावर ते पांढुरकी रेघ मागे ठेवू शकते. दोन्ही पेने घरात असतील तर त्यांना चिठ्ठ्या लावा.

बाण कापडावर काढू नका. ते रेखाटनाच्या प्रतीवर ठेवून ती प्रत शेजारी घेऊन बसा.

9. भरण्याचा क्रम

मागचे आधी, पुढचे नंतर. डोंगर, मग झाडे, मग भिंत, शेवटी फुले. उठावाच्या गाठी अगदी शेवटी, नाहीतर रिंग सरकवताना चेपतात. दोरा हातभर, म्हणजे साधारण 45 सेंटिमीटर घ्या. लांब घेतला की नेढ्यापाशी झिजून फुलतो. एका भागातून दुसऱ्या भागात जाताना पाठीमागून लांब उडी मारू नका, फिक्या कापडातून ती दिसते. बैठक संपली की रिंग काढून ठेवा, विशेषतः पावसाळ्यात. आठवडाभर तशीच राहिलेली रिंग ओलसर हवेत कापडावर वर्तुळाचा डाग पाडते.

10. धुणे, इस्त्री आणि फ्रेम

काम झाल्यावर रिठ्याच्या किंवा सौम्य साबणाच्या गार पाण्यात हलकेच बुडवा, पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा. थोडे दमट असताना जाड टॉवेलवर पालथे ठेवून उलट बाजूने इस्त्री करा, म्हणजे गाठी टॉवेलमध्ये रुतून उठाव टिकतो.

फ्रेमवाल्याकडे देण्याआधी कापड पुठ्ठ्यावर ताणून पाठीमागे जाड दोऱ्याने उभे-आडवे आवळून घ्या. डिंक किंवा चिकटपट्टी लावू देऊ नका, दोन्ही काही वर्षांत पिवळे डाग आणतात. काच टाक्यांना टेकता कामा नये. मधे माउंटची पट्टी मागून घ्या. साताऱ्याच्या पावसाळ्यात टेकलेल्या काचेखाली बाष्प धरते आणि सुती दोऱ्यावर बुरशी येते. बाहेरच्या, पाऊस झेलणाऱ्या भिंतीवर फ्रेम लावू नये, आणि थेट ऊन येणाऱ्या खिडकीसमोरही नको.

पुठ्ठ्याच्या मागे एक चिठ्ठी लावा आणि तिच्यावर ठिकाण, फोटोचे वर्ष, फोटो काढणाऱ्याचे नाव, दोऱ्यांचे नंबर आणि कुठे किती पदर वापरले ते वहीतून उतरवून लिहा. पुढे एखादा टाका उसवला किंवा कोणी तशीच नक्षी मागितली तर आधी हीच माहिती लागते.